दंडगोलाचा विग्रह

यंत्रभागांचे आराखडे करण्यासाठी आज ज्या संगणकप्रणाली प्रचलित आहेत, त्यांपैकी बहुतेकींत भागाच्या आकृतीबरोबर तिच्या घडणीचा क्रमही साठवला जातो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्रो/इंजिनिअर’ने रूढ केलेली ही रीत १९९५ साली आलेल्या ‘सॉलिडवर्क्स’नेही स्वीकारली. भाषाभ्यासकाला या विषयात रस वाटावा तो या क्रमामुळेच.

‘पीतांबर’ या शब्दाचा विग्रह ‘पीत असे अंबर’ असा केला तर तो कर्मधारय ठरतो. ‘पीत आहे अंबर ज्याचे तो’ असा केला तर बहुव्रीही. रूप एकच असते, घडण भिन्न. आणि हा भेद शब्द वाक्यात योजला म्हणजेच प्रत्ययास येतो. टप्प्याटप्प्यांच्या शाफ्टचेही असेच आहे.

समजा, शाफ्टचा मधला टप्पा ३० मि.मी. व्यासाचा व ६० मि.मी. लांबीचा असून दोन्ही टोके २० मि.मी. व्यासाची व प्रत्येकी ४० मि.मी. लांबीची आहेत. एकूण लांबी १४० मि.मी. ही आकृती तीन रीतींनी सिद्ध होते. वर्तुळांना उंची देऊन तीन थर एकावर एक रचणे, ही पहिली. अर्ध्या छेदाची रेषाकृती कुंभाराच्या चाकाप्रमाणे अक्षाभोवती फिरवणे, ही दुसरी. ३० मि.मी.ची अखंड कांब घेऊन लेथवर कारागीर करतो त्याप्रमाणे टोके कापणे, ही तिसरी. पडद्यावर तिन्ही शाफ्ट अगदी सारखे दिसतात.

भेद उघडा पडतो तो मधला टप्पा ७० मि.मी. करावयाचा झाला म्हणजे. थरांच्या रीतीत एकूण लांबी ही केवळ बेरीज असल्याने शाफ्ट निमूटपणे १५० मि.मी.चा होतो. संगणकाला त्यात काहीच वावगे दिसत नाही. मात्र १४० मि.मी.साठी केलेल्या पेटीत तो मावत नाही. कापण्याच्या रीतीत एकूण लांबी आधी ठरलेली आणि मधला टप्पा हा शेष असतो. तो वाढवायचा तर टोके आखूड करावी लागतात, व त्यांवर बेअरिंगे बसतील की नाही हा प्रश्न वेळीच पुढे येतो.

दंडगोल दिसला की तो फिरवूनच घडवावा, कारण त्यात घटक कमी लागतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे मत आम्हांस अपुरे वाटते. लाघव वैयाकरणालाही प्रिय असते. परंतु ज्या लाघवात अर्थाचे संबंध झाकले जातात ते गुण नव्हे, दोष होय. फिरवण्याच्या रीतीत सारी मापे एकाच रेषाकृतीत येतात. एकूण लांबी तेथे स्पष्ट लिहिली तर ही रीत उत्तम. न लिहिली तर तिच्यात थरांचाच दोष राहतो. शिवाय चावीची खाच व कडांचे उतार वेगळे ठेवावेत, म्हणजे ते स्वतंत्रपणे वगळता येतात.

थरांची रीतही सर्वत्र त्याज्य नाही. षट्कोनी माथ्याच्या बोल्टची लांबी माथ्याखालून मोजतात. तेथे माथा व दांडा यांची मापे खरोखरच स्वतंत्र असतात, आणि थरांची रचना तो संबंध यथार्थ व्यक्त करते.

तेव्हा रीतीची निवड आकृती पाहून करावयाची नसते. कोणते माप दिलेले व कोणते शेष, हे आधी ठरवावे लागते. तो निर्णय न करता काढलेला शाफ्ट म्हणजे विग्रहावाचून वापरलेला समास होय. त्याचा अनर्थ पुढच्या वाचकाला, येथे कारखान्यातील कारागिराला, भोगावा लागतो.