अंतराची मांडणी: हिचकॉकचा 'रिअर विंडो'

मंडळी, रहस्यपटाबद्दल बोलताना आपण नेहमी एक गोष्ट गृहीत धरून चालतो. काहीतरी लपवलेलं आहे, ते शेवटी उघड होणार आहे, म्हणून उत्कंठा. आम्हाला हे पुरेसं वाटत नाही. लपवलेल्या गोष्टीने कुतूहल जागं होतं, एवढंच. जीव टांगणीला लागतो तो वेगळ्याच कारणाने: गोष्ट डोळ्यांसमोर धडधडीत दिसते आहे, पण हात तिथवर पोचत नाही. हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देत असे. बॉम्ब अवचित फुटला तर आपण दचकतो. तो आपल्याला आधी दाखवला आणि टेबलाशी बसलेल्यांना दाखवला नाही, तर त्यांच्या साध्यासुध्या गप्पाही ऐकवेनाशा होतात. हे उदाहरण आता सर्वांना पाठ झालंय. त्यात एक मुद्दा सहसा निसटतो तो असा, की हा सगळा जागेचा मामला आहे. बॉम्ब खाली, माणसं वर, आणि आपण लांब खुर्चीत. दृश्यमांडणी म्हणजे आमच्या मते हीच: कोणाला काय कळावं याची जागेत केलेली वाटणी. आपल्याकडच्या परीक्षणांत शेवटच्या परिच्छेदात 'छायाचित्रण उत्तम, नेपथ्य साजेसं' असा शेरा मारून हा विषय मिटवतात. त्याने काही साधत नाही.

आज एकच चित्रपट घेऊ. 'रिअर विंडो', १९५४ सालचा. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधलं एक मागचं अंगण, त्याच्या चारी बाजूंनी घरं. जेफ नावाचा छायाचित्रकार पाय प्लास्टरमध्ये घालून चाकांच्या खुर्चीत बसलाय आणि समोरच्या खिडक्यांत बघतोय. एका खिडकीतला थॉरवल्ड नावाचा फिरता विक्रेता, त्याने आपल्या आजारी बायकोचा खून केला असावा असा जेफला संशय येतो. हे सगळं अंगण पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलं होतं, एकतीस घरांसकट. इतका खटाटोप कशासाठी? खऱ्या गल्लीत खिडक्यांची अंतरं आपल्याला हवी तशी मिळत नाहीत, म्हणून.

सुरुवात बघा. बांबूचे पडदे एकामागून एक वर सरकतात. मग कॅमेरा अंगणभर फिरून खोलीत येतो: घामेजलेला चेहरा, नव्वदीच्या पुढे गेलेला तापमापक, पायाचं प्लास्टर, मोडका कॅमेरा, शर्यतीतल्या मोटारीच्या अपघाताचा फोटो. माणूस कोण, पाय कसा मोडला, हे एक शब्दही न बोलता कळलं. कौतुक याचं सगळेच करतात. त्याच ओघात आणखी एक वस्तू येते: एका तरुणीच्या फोटोची निगेटिव्ह, चक्क चौकटीत बसवलेली. तिच्याच शेजारी नियतकालिकाचा गठ्ठा, आणि मुखपृष्ठावर तोच चेहरा, सरळ छापलेला. या माणसाने माणसाचा चेहरा उलटा करून जपलाय. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच त्याच्याविषयी एक मत मांडून झालंय.

आता या चित्रपटाचा नियम. कॅमेरा जवळपास सर्व वेळ जेफच्या खोलीतच राहतो. जे त्याला दिसेल तेच आपल्याला. पण हिचकॉक हा नियम मोडतो कुठे, ते पाहिल्याशिवाय नियमाचा अर्थ लागत नाही. एकदा जेफ झोपलेला असताना थॉरवल्ड काळ्या पोशाखातल्या एका बाईबरोबर बाहेर पडताना आपल्याला दिसतो. जेफला ते ठाऊक नाही. म्हणजे नायकाचा संशय वाढत जातो तेव्हा आपल्या मनात एक शंका खुपत राहते: बायको तर जिवंत नसेल ना? आपण त्याच्या बाजूला बसलो आहोत, पण पूर्ण त्याचे नाही.

दुसरा प्रसंग कुत्र्याचा. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं छोटं कुत्रं कोणीतरी मान मुरगळून मारलंय. बाई जिन्यातून अंगणाकडे ओरडते, सगळ्या शेजाऱ्यांना विचारते की शेजारी या शब्दाचा अर्थ तरी तुम्हाला माहीत आहे का. आणि इथे कॅमेरा खोली सोडून अंगणात उतरतो. इतका वेळ आगपेटीएवढ्या दिसणाऱ्या माणसांचे चेहरे जवळून दिसतात. खाली उतरून कोणीतरी त्या कुत्र्यापाशी वाकतं. क्षणभर वाटतं, ही वस्ती आहे, खिडक्यांचा तक्ता नव्हे. मग आपल्याला पुन्हा जेफच्या खिडकीत ओढून नेलं जातं, कारण त्याला एक गोष्ट लक्षात आली आहे: सगळे बाहेर डोकावले, एकजण सोडून. थॉरवल्डच्या अंधाऱ्या खोलीत फक्त सिगारेटचं टोक लाल होतं आणि विझतं.

हे दृश्य थरारक आहे यात वादच नाही. पण काय झालं ते नीट पाहू या. एक बाई आक्रोश करते आहे की इथे कोणाला कोणाची पर्वा नाही, आणि नायक त्या आक्रोशातून पुरावा काढतो. पुरावा अचूक आहे. पर्वा मात्र नाही. आणि आपणही त्या लाल ठिपक्यापाशीच थांबलो होतो, नाही का?

हाच खेळ पुढे फार क्रूर होतो. थॉरवल्डच्या बरोबर खाली एक एकटी बाई राहते. जेफने तिचं नाव 'मिस लोनलीहार्ट्स' ठेवलंय. नाव ठेवणं हीसुद्धा एक लांब ठेवण्याचीच रीत. ग्रेस केलीची लिझा, म्हणजे जेफची प्रेयसी, पुरावा शोधायला थॉरवल्डच्या घरात खिडकीतून शिरली आहे. त्याच वेळी खाली ही बाई झोपेच्या गोळ्या समोर घेऊन बसते. एकाच चौकटीत दोन मजले: वर लिझा, खाली मृत्यूच्या तयारीतली बाई. खालचं आधी लक्षात येतं ते नर्स स्टेलाच्या, आणि फोन फिरवला जातो तो त्या बाईसाठी. इतक्यात थॉरवल्ड परततो, आणि तोच फोन लिझासाठी वापरला जातो. खालच्या बाईला वाचवतं काय, तर कुठल्याशा घरातून येणारं संगीत. आम्ही हे दृश्य वर्गात अनेकदा दाखवलं. खालच्या मजल्यावर काय झालं असं विचारलं की बहुतेक मुलं गप्प होत. चौकटीत दोन्ही होतं. झाकलेलं काही नव्हतं.

आता अंगठी. लिझा पोलिसांसमोर उभी आहे, हात पाठीमागे, आणि बोटात घातलेली थॉरवल्डच्या बायकोची अंगठी ती पलीकडे जेफला दाखवते आहे. खुनाचा पुरावा आणि लग्नाची मागणी एकाच बोटात, हे अनेकांनी लिहिलंय. लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ सालच्या गाजलेल्या निबंधातही या चित्रपटाची चर्चा आहे. समोरच्या खिडकीत गेल्यावरच लिझा जेफला खऱ्या अर्थाने दिसू लागते, हे निरीक्षण आम्हाला पटतं. पण आमचं लक्ष पुढच्या क्षणाकडे आहे. थॉरवल्डला तो इशारा दिसतो. त्याची नजर बोटावरून उठते आणि सरळ आपल्याकडे येते. पडद्यावरचा माणूस प्रेक्षकाकडे बघतो! इतका वेळ जे अंतर आपलं कवच होतं, ते त्या एका नजरेत नाहीसं होतं. घरं तेवढ्याच अंतरावर आहेत, वीतभरही हललेली नाहीत.

सार्त्रच्या १९४३ सालच्या ग्रंथात किल्लीच्या भोकातून बघणारा माणूस येतो. तो बघण्यात इतका गुंग आहे की स्वतःला विसरलाय. मग मागे पावलं वाजतात, आणि तो एकदम कोणाच्या तरी नजरेतली वस्तू होतो. त्याला लाज वाटते. हिचकॉकने तो ग्रंथ वाचला होता असं आम्ही म्हणत नाही. पण जेफच्या दाराबाहेरही पावलंच वाजतात. दाराखालची उजेडाची फट विझते. थॉरवल्ड आत येतो आणि विचारतो, तुला माझ्याकडून हवंय तरी काय? रेमंड बर हा थोराड नट तिथे थकलेला, जवळजवळ केविलवाणा दिसतो. जेफ उत्तर देत नाही. तो फ्लॅशचे दिवे उडवत राहतो. आणि इथे हिचकॉक आपल्याला खुन्याच्या डोळ्यांत बसवतो: दिपलेली नजर, लालसर वर्तुळ, पुन्हा अंधार. ज्या साधनाने जेफ जगाचे फोटो काढतो, त्यानेच तो समोरच्याला आंधळा करतोय.

पुष्कळ समीक्षक म्हणतात, चित्रपट डोकावण्याची शिक्षा सांगतो. शेवटी जेफचा दुसराही पाय मोडतोच. आम्हाला हे वाचन सोपं वाटतं. डोकावल्यामुळेच तर खून उघडकीला आला, ते कसं नाकारणार? प्रश्न डोकावण्याचा नाहीच. थॉरवल्डने विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर होतं: तुझ्या बायकोला न्याय. ते जेफला देता येत नाही, कारण ती बाई त्याच्यासाठी कधी बाई नव्हतीच, रिकामी झालेली एक खिडकी होती.

शेवटच्या दृश्यात तापमान उतरलंय, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आहेत, आणि जेफ खिडकीकडे पाठ करून झोपलाय. शेजारी लिझा हिमालयावरचं पुस्तक वाचते आहे. तो झोपल्याची खात्री करून ती हळूच फॅशनचं मासिक उचलते. यावेळी ती काय करते आहे, हे त्याला दिसत नाही.