चर्मसदृश मृदू प्रवाळांची ओळख : एका मार्गदर्शक ग्रंथाची चिकित्सा

उष्णकटिबंधीय किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे, चामड्यासारखे चिवट मृदू प्रवाळ ओळखण्यासाठी अभ्यासक कॅथरिना फॅब्रिशियस व फिलिप आल्डरस्लेड यांच्या ‘सॉफ्ट कोरल्स अँड सी फॅन्स’ (२००१) या ग्रंथाचा आधार घेतात. प्रस्तुत लेखात त्यातील ओळखपद्धतीची चिकित्सा केली आहे.

सदर ग्रंथ हिंदी महासागर, तांबडा समुद्र व मध्य-पश्चिम पॅसिफिक येथील उथळ पाण्यातील वंशांचा परिचय करून देतो आणि जातीच्या अलीकडेच थांबतो. हा संयम हेच त्याचे सामर्थ्य होय. सार्कोफायटनचा माथा अळंबीच्या छत्रीसारखा, तर लोबोफायटनचा कंगोरेदार किंवा बोटांसारख्या उंचवट्यांचा असतो. या दोहोंत मोठ्या पॉलिपांच्या दरम्यान अतिसूक्ष्म पॉलिपही असतात. सायन्युलेरियात मात्र पॉलिप एकाच प्रकारचे असतात. ओहोटीत पॉलिप आत ओढले जातात, वसाहत आकसते आणि बाह्य आकार फसवा ठरतो. म्हणूनच ऊतींतील चुनखडीयुक्त सूक्ष्म कंटिकांची चित्रे या ग्रंथात महत्त्वाची ठरतात.

तथापि, ग्रंथातील रंगीत छायाचित्रे इतकी आकर्षक आहेत की वाचक तेथेच थांबण्याचा संभव अधिक. केवळ छायाचित्र जुळवून यादीत जातीचे नाव लिहिणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय आहे. सार्कोफायटन ग्लॉकम या नावाने ओळखलेले नमुने अनेक भिन्न जनुकीय शाखांत विभागले जातात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. याच नावाच्या प्रवाळातून सार्कोफाइन हे रसायन मिळविल्याची नोंद आहे. नावच संदिग्ध असेल, तर ते रसायन नेमक्या कोणत्या जीवाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणजेच ओळखीतील चूक प्राणिशास्त्रापुरती मर्यादित राहत नाही. ती रसायनशास्त्रातही शिरते.

ग्रंथातील नामावलीही आता जशीच्या तशी वापरता येत नाही. २०२२ च्या वर्गीकरणात सायन्युलेरियातील बहुसंख्य जाती स्क्लेरोफायटम या वंशात गेल्या. कंटिकांची वर्णने मात्र आजही उपयुक्त आहेत.

या पद्धतीला महागडी साधने लागत नाहीत. रीतसर परवानगीने घेतलेल्या नमुन्याचा लहान तुकडा ब्लीचच्या द्रावणात ठेवल्यास ऊती विरघळतात व कंटिका उरतात. त्या धुऊन महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. माथा व देठ यांतील कंटिका भिन्न असल्याने दोन्ही ठिकाणचे तुकडे स्वतंत्रपणे तपासावेत. जेथे हे शक्य नाही, तेथे वंशाच्या नावावर थांबणे हेच प्रामाणिक संशोधन होय.