बेरजेच्या ओळीतली सरासरी
आज वडखळला जमलोय, तर हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांचंच उदाहरण घेऊ. समजा, एकाने लहान ९० मूर्ती सरासरी ५०० रुपयांना विकल्या आणि मोठ्या १० मूर्ती सरासरी ५,००० ला. अहवालात 'एकूण'च्या ओळीत सरासरी छापली जाते २,७५०. आमचा आक्षेप इथेच आहे. ही दोन सरासरींची सरासरी झाली, मूर्तींची नव्हे! विक्री ९५,०००, मूर्ती १००. खरी सरासरी ९५०. वरच्या दोन्ही ओळी बिनचूक असतात, म्हणून खालची कुणी तपासतच नाही. संगणकानेच काढलीय ना! आणि त्याच आकड्यावर पुढच्या हंगामाचं कर्ज उचललं, तर शंभर मूर्तींमागे पावणेतीन लाख धरलेले असतात, हातात येतात लाखाच्या आत. हप्ता मात्र पावणेतीन लाखांच्या हिशेबाने बांधलेला.