बाराव्या रात्रीची उरलेली गोष्ट

नाताळानंतरच्या बाराव्या दिवशी, परंपरेने ६ जानेवारीला, तीन राजांचा सण येतो. शेक्सपिअरच्या काळातील इंग्लंडमध्ये नाताळचा उत्सव या दिवसापर्यंत चाले आणि अखेरच्या रात्री सोंगे, थट्टामस्करी, खेळ यांना ऊत येई. चाकराने धन्याचा आव आणावा आणि धन्याने ते हसून चालवून घ्यावे, अशी ती एका रात्रीपुरती उलटापालट असे. शेक्सपिअरने या रात्रीचे नाव आपल्या एका सुखात्मिकेला दिले : ‘ट्वेल्फ्थ नाइट’. कथानकात हा सण कोठेच येत नाही. मात्र त्या रात्रीची उलटापालट नाटकभर भरून राहिली आहे.

या नाटकाच्या ज्या प्रयोगाची सर्वांत जुनी नोंद मिळते, तो २ फेब्रुवारी १६०२ रोजी लंडनच्या मिडल टेंपलमध्ये झाला. तो दिवस प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा, मेणबत्त्यांच्या आशीर्वादाचा सण होता. जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने आपल्या रोजनिशीत त्या प्रयोगाविषयी लिहून ठेवले आहे. त्याला विशेष आवडली ती एका कारभाऱ्याची फजिती. नायिकेविषयी त्याने चकार शब्द लिहिलेला नाही. चारशे वर्षांनी आपण नाटक वाचतो ते नायिकेसाठी. तरीही कारभाऱ्याकडे बोट दाखवणारा हा जुना प्रेक्षक अगदीच चुकला होता, असे मला वाटत नाही.

कथा थोडक्यात अशी. व्हायोला आणि सेबॅस्टियन ही जुळी भावंडे जहाज फुटून एकमेकांपासून दुरावतात. भाऊ बुडाला असे समजून व्हायोला इलिरियाच्या किनाऱ्यावर पुरुषवेष धारण करते आणि ‘सिझारिओ’ या नावाने ऑर्सिनो या सरदाराच्या चाकरीस राहते. ऑर्सिनोचे प्रेम ऑलिव्हियावर. तिच्याकडे निरोप नेण्याचे काम सिझारिओकडे. व्हायोला मनोमन ऑर्सिनोवर अनुरक्त होते आणि ऑलिव्हिया निरोप्याच्याच प्रेमात पडते. मग सेबॅस्टियन जिवंत परततो आणि गुंता सुटतो.

गुंता सुटण्यात मौज आहेच. परंतु नाटककाराचे खरे लक्ष प्रेम या एकाच शब्दाखाली माणसे किती निरनिराळ्या गोष्टी लपवतात, याकडे आहे. ऑर्सिनो प्रेमात आहे तो प्रेमात असण्याच्या. संगीत, फुले आणि सुस्कारे यांत तो रमतो, पण ऑलिव्हियाच्या दारापर्यंत स्वतः जाण्याचे कष्ट त्याने अखेरच्या अंकापर्यंत घेतलेले नाहीत. ऑलिव्हियाने दिवंगत भावासाठी सात वर्षे बुरखा घेऊन शोक करण्याचे व्रत घेतले आहे. हेही एक प्रेमच. मात्र त्याला आपल्या दुःखाच्या देखणेपणाची जाणीव आहे. भाऊ स्वर्गात आहे असे मानणाऱ्या बहिणीने इतके रडावे का, हे तिला तिच्याच पदरचा विदूषक, फेस्ते, हसतखेळत विचारतो. घरातल्या शहाण्यांना जे सुचले नाही ते त्याला सुचते.

व्हायोलाचाही भाऊ गेलेला आहे. दोघी बहिणी एकाच दुःखाच्या धनी. एक दार लावून घेते, दुसरी कपडे बदलून कामाला लागते. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्यासाठी दुसरीची मनधरणी करण्याचे काम व्हायोला प्रामाणिकपणे पार पाडते. स्वतःविषयी ती एकदाच बोलते आणि तेही एका कल्पित बहिणीची कथा म्हणून. ती बहीण मनातले कधी बोललीच नाही आणि आतल्या आत झुरत गेली. येथे वेषांतराचा अर्थ पालटतो. खोट्या वेषातील व्हायोला हीच नाटकातील सर्वांत खरी व्यक्ती ठरते आणि आपल्याच वेषात वावरणारे ऑर्सिनो व ऑलिव्हिया सोंगे घेतल्यासारखे भासतात.

त्या काळी इंग्लंडच्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगे करीत. म्हणजे मुलगा मुलगी झालेला आणि ती मुलगी पुन्हा मुलगा झालेली! मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’मध्ये बालगंधर्वांची भामिनी धैर्यधराला जाणून घेण्यासाठी वनमालेचा वेष घेते, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांनीही वेषाआड वेष पाहिला होता. भामिनीचा प्रश्न असा की, समोरचा माणूस खरा कसा आहे? व्हायोलाचा प्रश्न अधिक अवघड आहे : आपण कोण आहोत हे सांगता येत नसताना प्रेम कसे करावे?

सेबॅस्टियन आणि ऑलिव्हिया यांच्या विवाहाचे प्रकरण मात्र नाटककाराने घाईत उरकले आहे. त्याला सिझारिओ समजून ऑलिव्हिया धर्मगुरूंसमोर वचन घेते. तो बिचारा स्वप्नात असल्यासारखा होकार देतो. आपल्या धर्मसभेच्या १९८३च्या कायदासंहितेतील १०९७वे कलम सांगते की, व्यक्तीविषयीच चूक झाली असेल तर विवाह अवैध ठरतो. विनोदी नाटकाला कायद्याची फूटपट्टी लावू नये, हे खरे. तरीही चेहरा तोच म्हणून माणूसही तोच चालेल, हे ऑलिव्हियाचे समाधान वाचकाला पुरते पटत नाही.

याउलट जे प्रेम पटते, त्याला अखेरीस जागाच मिळत नाही. सेबॅस्टियनला समुद्रातून वाचवणारा अँटोनिओ हा ऑर्सिनोचा जुना शत्रू. पकडले जाण्याचा धोका पत्करून तो मित्रामागे शहरात येतो आणि आपली पैशांची थैली त्याच्या स्वाधीन करतो. सेबॅस्टियन समजून तो सिझारिओच्या मदतीला धावतो आणि त्यातच पकडला जातो. थैली परत मागतो तेव्हा व्हायोला, अर्थातच, त्याला ओळखत नाही. ज्याच्यासाठी जीव धोक्यात घातला त्यानेच ओळख नाकारली, असे त्याला वाटते. हा नाटकातील सर्वांत जिव्हारी लागणारा क्षण आहे. शेवटी जुळी भावंडे समोरासमोर येतात, त्याचा गैरसमज फिटतो, आणि त्यानंतर अँटोनिओच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याची सुटका झाली की नाही, हेही कोणी सांगत नाही. जोड्या जुळत असताना तो एका बाजूला नुसता उभा आहे.

आता तो कारभारी, मॅल्व्होलिओ. शिस्तीचा, कडक, इतरांच्या हसण्यावर कपाळाला आठ्या घालणारा. त्याचे प्रेम स्वतःवर. बाईसाहेबांशी लग्न करून आपण सरदार होऊ, ही स्वप्ने तो खोटे पत्र सापडण्यापूर्वीच पाहत असतो. मराया पत्र लिहिते आणि हा पिवळे मोजे घालून हसत हसत मालकिणीपुढे उभा राहतो. इथवर आपणही हसतो. त्याला एकदा ‘प्युरिटन’ म्हटले गेले आहे. सणवार मोडीत काढू पाहणाऱ्या त्या पंथाची खोड मोडलेली पाहून आपल्यासारख्या सणप्रेमी वाचकाला थोडे अधिकच हसू येण्याचा संभव आहे. परंतु पुढे त्याला वेडा ठरवून अंधाऱ्या खोलीत कोंडतात. फेस्ते धर्मगुरूचा झगा आणि दाढी चढवून त्याची ‘परीक्षा’ घ्यायला जातो. त्या अंधारात मॅल्व्होलिओला तो वेष दिसतही नाही! मी वेडा नाही, मला दिवा आणि कागद द्या, एवढेच तो विनवीत राहतो. आपण कोण आहोत हे सांगूनही कोणी ऐकत नाही, ही अवस्था व्हायोलाच्या अबोलपणापेक्षा भयंकर आहे. येथे विनोद आपली मर्यादा ओलांडतो, आणि मला वाटते, नाटककाराला हे ठाऊक होते.

त्याचा पुरावा शेवटच्या प्रसंगात, सहज नजरेतून निसटेल असा, ठेवलेला आहे. ऑर्सिनो व्हायोलाला स्त्रीवेषात पाहू इच्छितो. तिचे कपडे जहाजाच्या कप्तानाकडे आहेत. कप्तान तुरुंगात आहे आणि तोही मॅल्व्होलिओच्या फिर्यादीवरून! इतक्यात अपमानित मॅल्व्होलिओ सर्वांचा सूड घेण्याची भाषा करून निघून जातो. ऑर्सिनो लगेच माणसे धाडतो : त्याला गाठा, त्याची समजूत काढा. पडदा पडतो तेव्हा व्हायोला पुरुषवेषातच आहे आणि तिचा भावी पती तिला अजून सिझारिओ म्हणूनच हाक मारतो आहे.

कित्येक प्रयोगांत आणि सारांशांत हा धागा गळून जातो आणि उरतो तो लग्नाचा गोड शेवट. मूळ नाटक अधिक कठोर व अधिक दयाळू आहे. ज्याची सर्वांनी थट्टा केली त्याच्याशी समेट झाल्याखेरीज नायिकेला तिचे स्वतःचे रूप परत मिळणार नाही, असे ते सुचवते. आपल्याही घरांत लग्नाचे मंडप पडतात, जोड्या जुळतात. त्याच वेळी एखादा अँटोनिओ कोपऱ्यात मुका उभा असतो, एखादा मॅल्व्होलिओ रागाने फाटकाबाहेर पडलेला असतो. ऑर्सिनोची माणसे त्याच्यामागे गेली आहेत. ती त्याला घेऊन परतली का, हे शेक्सपिअरने सांगितलेले नाही.