काचेतला परका डोंगर

प्लांटेड टँकचा, म्हणजे जिवंत पाणवनस्पतींच्या मत्स्यालयाचा, नाद आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. रोपं कुरियरने येतात, एलईडी दिवे आवाक्यात आले आहेत, सीओटूचा सिलिंडर कसा जोडायचा ते यूट्यूब शिकवतं. चंद्रपूर-गडचिरोलीत बसूनही देखणी टाकी उभी करता येते. प्लास्टिकची झाडं, निळी-लाल खडी आणि बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी यांच्यापासून ही कला बरीच पुढे आली, हे मान्यच करायला हवं. खटकतं ते पुढचं. तीच करड्या दगडांची रास, मॉस बांधलेल्या लाकडाचं तेच झाड, समोर तोच बुटक्या गवताचा गालिचा. टाकी सांगलीतली की सिरोंच्यातली, फोटोवरून सांगता येत नाही.

या कलेची दोन घराणी मानली जातात. पहिलं डच. तिथे दगड-लाकडाला फारसा मान नाही. पानांचे रंग, पोत आणि उंची यांचे नेटके गट रचायचे, शिस्तीच्या बागेसारखे. दुसरं जपानी. ताकाशी अमानो (1954–2015) हा निईगाताचा माणूस मुळात निसर्गाचा छायाचित्रकार. ॲमेझॉन, बोर्निओ, सादो बेटावरची देवदारसदृश झाडं, असं सगळं त्याने मोठ्या फिल्मवर टिपलं. 1992 साली आलेल्या त्याच्या ‘नेचर अ‍ॅक्वेरियम वर्ल्ड’ने जगभरच्या टाक्यांचा चेहरा बदलला. दगडांची विषम संख्येतली मांडणी त्याने जपानी बागेतून उचलली, म्हणजे स्वतःच्या अंगणातून. आपल्याकडे त्याचे दगड आले, त्याची नजर आली नाही.

2001 पासून त्याच्या कंपनीची जागतिक स्पर्धा भरते, आणि तिच्यातही पुढे ‘डायोरामा’ शैलीचं पारडं जड झालं. पाण्याखाली दऱ्या, पायवाटा, अख्खं जंगल. या कामातलं कसब थक्क करणारं असतं. तरी त्यात मासा पक्ष्याच्या भूमिकेत जातो आणि पाणी हवेच्या. ज्यांच्या दाराबाहेर खरा साग, ऐन आणि मोह उभा आहे, त्यांनी काचेत मॉसचं खोटं जंगल उभारावं, हे मला या कलेच्या आजच्या अवस्थेचं सर्वांत बोलकं लक्षण वाटतं.

बरं, ही नक्कल इथल्या हवामानाला मानवतही नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 47 अंशांवर जातो. कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो, थंडाव्याला सोकावलेलं मॉस तपकिरी पडतं, गालिचा उपटून वर येतो. मग चिलर आणा, विजेचं बिल सोसा. शिवाय हा चुनखडीचा मुलूख आहे. सिमेंटचे कारखाने उगाच इथे आलेले नाहीत. इथला चुनखडीचा दगड टाकीत ठेवला की सीओटूच्या आम्लात तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. नाजूक विदेशी रोपांना ते सोसत नाही. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरियाला मात्र सोसतं, कारण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेण्याची सोय त्यांच्याकडे आहे. त्यांना सिलिंडर लागत नाही. डायना वॉलस्टॅड यांनी 1999 सालच्या पुस्तकात साध्या मातीवर चालणारी टाकी शास्त्रासह मांडली. आपल्याकडच्या परिस्थितीला ती वाट अधिक जवळची आहे.

आणि नमुना म्हणाल तर तो गावाच्या वेशीवर आहे. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या हातांनी घडलेली ही तळी हजारोंनी आहेत. हिवाळ्यात पाणी निवळलं की काठावर ओणवं होऊन बघावं. काठालगतच्या उथळ पाण्यात लव्हाळा, पुढे कुमुदाची तरंगती पानं, त्याहून खोल हायड्रिलाचे झुबके, दुपारच्या उन्हात पानांवर ऑक्सिजनचे मणी धरलेले. मध्येच व्हॅलिसनेरियाच्या फितींसारख्या पात्या. तिचं मादी फूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येतं, नर फुलं तळाशी सुटून वर तरंगतात आणि वाहत वाहत तिला गाठतात. फळ धरलं की देठ स्प्रिंगसारखा वळतो आणि फूल पुन्हा खाली ओढून नेतो. शाळेत परागीभवनाच्या धड्यात पाठ केलेलं हे नाट्य कुठल्या स्पर्धेच्या टाकीत कधी दिसलं आहे?

ही रचना जाणकारीने पुन्हा उभी करणारी माणसंही आहेत, फक्त त्यांना कुणी अ‍ॅक्वास्केपर, म्हणजे टाकी सजवणारे कलाकार, म्हणत नाही. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि ढीवर समाजाच्या मच्छीमारांनी मरगळलेल्या तळ्यांत माजलेली बेशरमाची झुडपं उपटली, उन्हाळ्यात तळाची माती मोकळी केली आणि पाणवनस्पती हाताने लावल्या. उद्देश शोभेचा नव्हता. स्थानिक मासळीला अंडी घालायला, लपायला जागा हवी होती. पण कोणत्या खोलीला काय लावायचं, कशाला किती मोकळी जागा सोडायची, हे निर्णय थेट आपल्या कलेचे आहेत.

त्यांच्याकडून शिकायचं तर टाकी उतरती करावी. मागे माती चढवून लव्हाळा पाण्याबाहेर येऊ द्यावा, मधे तरंगती पानं, समोर बुडालेली रोपं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाणी आटतंच. रोज भरत बसण्यापेक्षा पातळी काही बोटं उतरू द्यावी आणि उघड्या पडलेल्या काठावर चौपानी मार्सिलिया फुटू द्यावी. ऋतू दाखवणारी टाकी माझ्या पाहण्यात नाही, आणि ही उणीव तंत्राची नाही. मासे म्हणून काचेसारखे आरपार दिसणारे चंदा किंवा छोटे पुंटियस पुरेत.

धोके आहेत. व्याघ्र प्रकल्पातून किंवा अभयारण्यातून लाकूड, दगड, रोप काहीही उचलणं गुन्हा आहे. सिरोंच्याजवळ वडधमला सापडणारं अश्मीभूत लाकूड टाकीत शोभेलही, पण ते जागेवरच राहायला हवं. टाकीतलं विदेशी रोप तर तळ्यात कधीच टाकू नये. शोभेची म्हणून आलेली जलपर्णी चंद्रपूरच्या रामाळा तलावाने पुरेशी भोगली आहे. आपला हायड्रिला तसाच मत्स्यालयाच्या व्यापारातून फ्लोरिडाला गेला आणि तिथे उपद्रव ठरला.

राहता राहिला प्रश्न दर्जाचा. परीक्षक खोलीचा आभास, फांद्यांचा तोल आणि गालिच्याची दाटी मोजतात. त्या मापाने हायड्रिलाची टाकी तण म्हणून बाद होईल. म्हणून आधी मापं बदलायला हवीत. रोप इथल्या पाण्यात, इथल्या उन्हाळ्यात यंत्राविना टिकतं का, आणि टाकी बघून पाणी कुठलं ते कळतं का, या दोन कसोट्यांना जागतिक मापांइतकंच वजन मिळालं, तर पुढचं मोठं काम मुंबईऐवजी ब्रह्मपुरी-आरमोरीकडून यायला काही अडचण नाही.