आवडता बँड आणि कांटचा प्रश्न

पिंपळनेरच्या व्यासपीठावर रॉक संगीत कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण कॉलेजच्या वयात आवडता बँड सापडणं हा सौंदर्यशास्त्राचा पहिला धडा असतो, असं आम्ही मानतो. मुलगा इयरफोनचं एक टोक मित्राच्या कानात घालतो आणि म्हणतो, "ऐकून बघ ना!" त्याला ‘मला आवडतं’ एवढंच सांगायचं नसतं. ‘हे सुंदर आहे, तुलाही पटायला हवं’ असं त्याचं म्हणणं असतं. इमॅन्युएल कांटने १७९० साली नेमका हाच भेद मांडला. चहा गोड हवा की फिका, यावर वाद होत नाही. सुंदर म्हटलं की आपण सगळ्यांची संमती मागतो. सिद्ध मात्र करता येत नाही. म्हणून तर तो मुलगा पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो.

उदाहरण इंडियन ओशनचं घेऊ. सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० साली दिल्लीत हा बँड उभा केला. २००० सालचा त्यांचा ‘कंदीसा’ हा अल्बम कॉलेजांतून खूप ऐकला गेला. गिटारच्या जोडीला तबला, आणि गाणी आपल्याकडच्या परंपरांतली. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती प्रार्थनेचं, ‘हिल्ले ले’ कवी गोरख पांडे यांचं, आणि ‘मा रेवा’ नर्मदेचं. बास गिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले.

आता नर्मदा आपल्याला परकी नाही बरं का! १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, तोवर तिचा महाराष्ट्रातला काठ आपल्याच धुळे जिल्ह्यात होता. तिचं गाणं खान्देशातल्या मुलापर्यंत आलं ते दिल्लीहून, सीडीवरून.

या गाण्यात वाद्यं सुरावर चढून बसत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. आमचा आक्षेप वेगळा आहे. गाण्यातली नदी वाहती आहे. अक्कलकुव्यातल्या मणिबेलीपाशी ती सरदार सरोवराने थोपवली, गाव पाण्यात गेलं. यातलं काही गाण्यात नाही. ऐकणारा डोलतो आणि मोकळा होतो. कुणी म्हणेल, स्तुतिगीताने बातमी का द्यावी? रास्त आहे. ते काम गाण्याचं नाही, रसिकाचं आहे. जो दुसऱ्याची संमती मागतो, त्याने हे गाणं कुणाचं, कुठल्या काठचं, एवढं तरी विचारावं. ते कळलं की तीच स्तुती विलापासारखी ऐकू येते, सूर एकही न बदलता.

रॉकमुळे पोरं आपलं संगीत विसरतात, असं वडीलधारे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. पण ज्याला ‘मा रेवा’ भावली, त्याने आपल्या साक्री तालुक्यातल्या कोकणा बांधवांची पावरीही तितक्याच मनाने ऐकावी. आणि शेजारच्या मित्राला म्हणावं, "ऐकून बघ ना!"