इंजिनावरची पाटी आणि रुळावरचा माणूस

रेल्वे इंजिने बांधणाऱ्या कंपन्यांचे इतिहास एका ठरीव साच्यात लिहिले जातात. संस्थापक, भांडवल, कारखाना, इंजिनांची संख्या आणि शेवटी ऱ्हास. इंजिन कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले की हा इतिहास संपतो. आपला इतिहास नेमका तेथून सुरू होतो.

ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी 1903 साली तीन कारखाने एकत्र येऊन उभी राहिली. वाफेचे युग सरताना डिझेल आणि विजेकडे वळणे तिला साधले नाही. 1962 साली ती बुडाली. बंगाल-नागपूर रेल्वेच्या अरुंद रुळांसाठी तिने बांधलेले सी.सी. 677 हे इंजिन नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात आहे. याच रेल्वेचा नागपूर-नागभीड मार्ग 1908 साली सुरू झाला आणि 2019 साली रुंदीकरणासाठी बंद झाला. आसगाव ज्या पवनी तालुक्यात आहे, त्या तालुक्याची गाडी ती हीच. तिचे स्थानक पवनी रोड.

राष्ट्रवादी इतिहासकार येथे एक रास्त तक्रार मांडतो. 1921 साली सिंगभूममध्ये निघालेली पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी सरकारी मागणीअभावी टिकली नाही. त्याच कारखान्यातून 1945 साली टाटांची टेल्को उभी राहिली. परकीय सत्तेने देशी उद्योग वाढू दिला नाही, हे खरेच. पण कारखाना देशी झाला म्हणजे त्याच्या यंत्रावर कोणाचा हात पडला, हा प्रश्न तो इतिहासकार विचारीत नाही.

रेल्वेतून येणारा उद्योग जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील, असे मार्क्सने 1853 साली लिहिले होते. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी प्रत्यक्षाचा हिशेब मांडला. अस्पृश्य कामगार बहुतांशी गँगमन. त्याला पोर्टरही करीत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची जागा त्याच्या वाट्याला क्वचितच येते. म्हणजे इंजिन आले, श्रमविभागणी नवी झाली, पण तिची उतरंड जुनीच राहिली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेब त्याच परिषदेत म्हणाले, ते या अनुभवाच्या आधारावर.

म्हणून कंपनीचा इतिहास खोटा नाही, अपुरा आहे. आणि हा अपुरेपणा निरागस नाही. इंजिनाच्या पाटीवर बांधणाऱ्याचे नाव कोरलेले असते. उन्हातान्हात रूळ सरळ ठेवणाऱ्याची नोंद, झालीच तर, हजेरीपटात होते. पवनी परिसरातील शिक्षक-विद्यार्थ्यांनी आता कंपन्यांच्या याद्या उतरवून काढण्यापेक्षा आपल्या वस्तीतील वृद्धांना विचारावे: या मार्गावर कोण कोण राबले, कोणत्या कामावर लागले आणि त्याच कामावरून निवृत्त का झाले? मार्ग उखडला गेला आहे. ही माणसे आहेत तोवरच हे लिहून होईल.